वालूरच्या खदानीवरची हरणं

नांदेड मागे पडलं, ऊन कलायला लागलं आणि गाडी चुडाव्याला थांबली. समोरच्या बाकावर एक शिक्षिका येऊन बसल्या. पर्स मांडीवर ठेवून, पदर सावरून त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

"कुठं जायलात?" त्यांनी विचारलं.

"सेलूला. तिथून वालूरच्या पुढे. एक बंद पडलेली खदान बघायची आहे."

"खदानीत काय बघायचं असतं?"

"हरणं आहेत म्हणतात."

बाईंनी खिडकीबाहेरच्या रानाकडे हात केला. मग म्हणाल्या, "माझ्या भावाच्या तुरीत रोज यायलेत. तुमी उगं इतक्या लांब चाललात." पिंगळीला त्या उतरल्या. उतरताना मागे वळून एवढंच म्हणाल्या, "थंडी लय हाय तिकडं. स्वेटर आणला ना?"

मी वणीजवळच्या एका कोळसा खाणीत काम करते. कोळसा काढण्याआधी वरची माती आणि दगड बाजूला टाकतात, त्याचे डोंगर उभे राहतात. त्या डोंगरांवर झाडं लावायची आणि ती जगवायची, हे माझं काम. आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना हिरवे झालेले ढिगारे दाखवतात आणि माझ्याकडे बोट करून सांगतात, हे बाईंनी केलं. मला ते ऐकायला आवडतं, हे कबूल करते.

मागच्या पावसाळ्यात नागपूरला बंद खाणींच्या जमिनींविषयी एक बैठक होती. तिथं शेवटच्या रांगेतून पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ उठले. म्हणाले, "आमच्या खदानीवर हरणं राहायलेत. कुणाला बघायची आसली तर या." एवढं बोलून ते खाली बसले. बैठक पुढे सरकली, पण माझं लक्ष तिथंच राहिलं. चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. त्यांचं नाव गोविंदराव. वालूरपासून थोड्या अंतरावर त्यांचा खडकाळ माळ होता. त्यांच्या वडिलांनी तो खडी फोडणाऱ्यांना कराराने दिला. खडी काढून झाली, खाली पाणी लागलं, करार संपला आणि मंडळी यंत्रं घेऊन निघून गेली. मागे राहिला एक मोठा खड्डा, दगडांचे ढीग आणि कच (खडी फोडताना उडालेली दगडाची पूड). त्या जमिनीवर गोविंदरावांनी गवत वाढवलं होतं. जानेवारीत हुरड्याला या, म्हणाले.

सेलू स्टेशनवर ते जीप घेऊन आले होते. बैठकीत दिसले त्यापेक्षा उंच वाटले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, फुलावर आलेला हरभरा, कणसं धरलेली ज्वारी. वालूर मागे टाकलं तसा रस्ता चढाला लागला आणि मातीचा काळा रंग विटत विटत भुरा झाला. आमच्याकडे दूरवर बघावं तर जंगलाची रेघ दिसते. इथं काहीच आडवं येत नव्हतं.

त्यांचं राहणं आखाड्यावर (शेतातल्या घरी). सुलोचनाकाकूंनी हातपाय धुवायला ऊन पाणी दिलं. रात्री ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. काकू कमी बोलणाऱ्या. मी झाडांचं काम करते हे ऐकल्यावर मात्र हसल्या आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मग यांना उद्या कसं दाखवायचं?" गोविंदराव भाकरी मोडत राहिले. काय दाखवायचं, ते मला कळलं नाही.

सकाळी काकूंनी सुशीला केला होता (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार). तो खाऊन आम्ही खदानीकडे निघालो. पहिल्या चढावरच मी थांबले.

समोर झाडं आडवी पडली होती. सुबाभूळ, गिरिपुष्प, वेडी बाभूळ, कितीतरी झाडं मुळांसकट उपटून टाकलेली. पलीकडे एक पिवळी पोकलेन (माती उकरायचं मशीन) उभ्या झाडाला सोंडेने ढकलत होती. झाड कलंडलं आणि मुळांनी धरून ठेवलेली माती सुटली. कच टाकलेल्या जमिनीवर एक झाड जगवायला काय लागतं, हे मला माहीत आहे. उन्हाळ्यात आम्ही माणसांच्या डोक्यावरून पाणी वाहून नेतो.

"हे काय करताय काका?"

"उपटायलोत," गोविंदराव म्हणाले. "मीच लावली व्हती. लय कष्टानं लावली."

"मग का?"

"झाडं वाढली आन हरणं गेली."

पोकलेनवाले खाली उतरले. दाढी पांढरी, डोक्याला मफलर. हे मुनीरभाई. खडीचा क्रशर चालू असताना याच खदानीत ते पोकलेन चालवत. आता ती जमीन बुजवायला आणि सपाट करायला गोविंदराव त्यांनाच बोलवत. मी रागावलेली आहे, हे त्यांना लांबूनच दिसलं असावं.

"ताई, मलाबी बरं वाटत न्हाई," ते म्हणाले. "पण मालकाचं बरोबर हाय. चला, दाखवतो."

ढिगाऱ्यावर चढून त्यांनी पलीकडची बाजू दाखवली. तिथं एकही झाड नव्हतं. गुडघाभर उंचीचं पवन्या आणि मारवेल गवत, थंडीने सोनेरी पडलेलं. गोविंदरावांनी गावतळ्यातला गाळ आणून कचीवर पसरला होता, शेणखत घातलं होतं, बी फेकलं होतं. पहिल्या दोन पावसाळ्यांत काहीच उगवलं नाही. मग उगवलं. काळवीट उघड्या रानातलं जनावर. त्याला लांबवरचं दिसलं पाहिजे. लांडगा, कुत्रा, माणूस, जे काही येईल ते आधी डोळ्याला दिसावं आणि मग पळायला मोकळी जागा असावी, एवढ्यावर त्याचं जगणं. झाडी दाट झाली तशी काळविटं या बाजूला फिरकेनाशी झाली होती. रोही (नीलगाय) तेवढ्या झाडीत शिरत, पण ती नाहीत.

मी ऐकत होते. पुस्तकात हे वाचलं नव्हतं असं नाही. पण वाचलेलं आणि समोर आडवं पडलेलं झाड, यांत फार फरक असतो. दिवसभर मी त्या मुळांकडे बघायचं टाळलं.

दुपारी खड्डा पाहिला. माळाच्या पूर्वेला जमीन एकदम तुटते आणि खाली हिरवट काळं पाणी. तीन बाजूंना सुरुंगाने कापलेला उभा कातळ. चौथ्या बाजूला डंपर वर यायचे तो जुना उतार. त्याच्या तोंडावर मोठमोठे दगड रचून गोविंदरावांनी वाट बंद केली होती. जाळी लावून शिकार करणारे त्या उतारावरून पाण्याशी उतरायचे आणि पाण्यावर येणाऱ्या जनावरांना टिपायचे, म्हणून. जनावरांसाठी त्यांनी वर माळावर वेगळं टाकं बांधलं होतं.

"आणि एखादं या कड्यावरून पडलं तर?" मी विचारलं.

"आजवर पडलं न्हाई. त्यांला कडा ठाऊक हाय. आपल्यापेक्षा चांगला ठाऊक हाय."

कड्याला लागूनच पलीकडे दगडी बांध आणि बांधापुढे हिरवागार हरभरा. ते शेत आबारावांचं. संध्याकाळी आम्ही गवतात बसून कळपाची वाट बघत होतो, तेव्हा ते स्वतःच आले. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, खांद्यावर दस्ती (रुमाल). माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले आणि मग गोविंदरावांच्या शेजारी उकिडवे बसले.

"पुन्हा खाल्ला," ते म्हणाले. "वरल्या अंगाचा समदा शेंडा खुडला. गोविंदराव, हरणं तुमी पाळायची आन चारायला माझं रान, हे किती दिवस चालायचं?"

"सरकारात अर्ज कर. भरपाई मिळते."

"मिळती. मिळस्तोवर पुढली पेरणी येती. मी भांडायला आलो न्हाई. सांगायला आलो. उद्यापासून फटाके वाजवणार हाय."

गोविंदराव ढिगाऱ्याकडे बघत राहिले. आबारावही बसून राहिले. मला वाटलं, दोघांचं हे बोलणं याआधी अनेकदा झालं असेल आणि दरवेळी इथंच येऊन थांबत असेल.

तेवढ्यात कळप आला. आधी एक म्हातारी मादी ढिगाऱ्याच्या कडेला दिसली. मान वर करून ती उभी राहिली, बराच वेळ. मग तिच्यामागून बाकीच्या माद्या, पाडसं आणि शेवटी नर. पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं, पिळाची लांब शिंगं मागे टाकलेली. तो नाक वर करून माद्यांभोवती ऐटीत फिरला. एका पाडसाने कारण नसताना उडी मारली, दुसऱ्याने मारली आणि सगळा कळप स्प्रिंग लावल्यासारखा उड्या मारत गवतातून गेला. ज्या जमिनीवर ते उड्या मारत होते ती दगडाची पूड होती. मी आबारावांकडे पाहिलं. तेही बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"दिसतात लय देखणी," ते म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर बाहेर काही नव्हतं. अंगणातली तुळस दिसत नव्हती. असं धुकं या भागात क्वचितच पडतं, काकू म्हणाल्या. चुलीशी बसून आम्ही चहा घेत होतो. गोविंदराव टाक्याचं पाणी बघायला जायचं म्हणून चपला शोधत होते.

तेवढ्यात फटाक्यांची माळ वाजली. लांब, पूर्वेकडे. मग कुत्र्यांचं भुंकणं. गोविंदरावांनी हातातली चपल तशीच धरली.

"धुक्यात कशाला वाजवायलाय हा?" ते म्हणाले.

आणि मग जो आवाज आला, तो मला अजून नीट सांगता येत नाही. आधी जमिनीवर पाऊस पडावा तसे खूर. मग ते एकदम थांबले. आणि मग पाणी. एकामागून एक, जड काहीतरी पाण्यात पडावं तसे आवाज. कुणी ओरडलं नाही. जनावरांनीही नाही.

आम्ही धावलो. धुक्यात गोविंदराव पुढे होते आणि मला फक्त त्यांची पांढरी टोपी दिसत होती. कड्यापाशी त्यांनी हात आडवा करून मला थांबवलं. खाली पाणी हलत होतं. धुकं पाण्यावरून थोडं विरळ झालं तेव्हा डोकी दिसली. कान मागे दडपलेली, नाकं वर काढलेली, गोल गोल पोहणारी. काही कातळाला पाय लावून वर चढू बघत होती. खूर घसरत होते. पुन्हा पाणी, पुन्हा कातळ. काळा नर पडताना खालच्या दगडावर आपटला असावा. तो पाण्यावर आडवा तरंगत होता आणि त्याची शिंगं हळूहळू वळत होती.

ज्यांचा सगळा भरवसा डोळ्यांवर, त्यांना त्या सकाळी काही दिसलं नव्हतं.

समोरच्या बांधावर आबाराव उभे होते. हातात विझलेली काडी होती. त्यांची दोन्ही कुत्री त्यांच्या पायाशी गप बसली होती. ते खाली बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

"मुनीरला बोलव," गोविंदराव मला म्हणाले. मी त्यांच्याकडून नंबर घेऊन फोन लावत राहिले. शेवटी लागला. मग वनखात्याला फोन केला. तिथल्या माणसाने पशुवैद्यक डॉक्टरांचा नंबर दिला, गाडी निघते म्हणाला, पण धुक्यात वेळ लागेल. डॉक्टर बाई होत्या. मी काय बोलले मला आठवत नाही. त्यांनी मला बोलू दिलं आणि मग सावकाश सांगितलं, "त्यांना धरू नका. हात लावू नका. बाहेर यायला वाट करून द्या आणि माणसं लांब न्या. काळवीट भीतीनेच मरतं. जखम नसली तरी मरतं."

मी हे गोविंदरावांना सांगेपर्यंत गाव जमायला लागलं होतं. कुणी दोरखंड आणले, कुणी बाज आणली. वाईट हेतूने कुणीच आलं नव्हतं. बुडणारा जीव समोर दिसतोय आणि हात बांधून उभं राहायचं, हे कुणालाच जमण्यासारखं नव्हतं. दोघे जण दोराने खाली कपारीपर्यंत उतरले आणि जवळ आलेल्या एका मादीला त्यांनी फास टाकला. मी वरून ओरडत होते. माझा आवाज त्या गलबल्यात कुणाला ऐकू गेला नाही. मादी वर ओढली गेली. जमिनीवर टेकताच ती चार पायांवर उभी राहिली. अंगावर एक ओरखडा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिची मान वर होती. पोट भात्यासारखं हलत होतं. ती पळाली नाही. जागच्या जागी थरथरत राहिली आणि मग पुढचे पाय दुमडून खाली बसली.

आबाराव कधी या बाजूला आले मला कळलं नाही. "डोळे झाका म्हणतात," मी म्हटलं. त्यांनी खांद्यावरची दस्ती काढून तिच्या डोळ्यांवर टाकली आणि तिच्याजवळ मांडी घातली. डोकं उचलून मांडीवर घेतलं.

"कुठं लागलंय हिला?" त्यांनी मला विचारलं.

"कुठंच नाही."

"मग?"

 थोड्या वेळाने पोटाचं हलणं थांबलं. आबारावांनी दस्ती उचलली, डोळे बघितले आणि पुन्हा टाकली. टाळ्या वाजवणारे लोक तिथंच होते. एकेकाने दोर खाली टाकले. त्यानंतर कुणाला काही समजवावं लागलं नाही.

मुनीरभाई आले. पोकलेन थंडीने धरली होती, चालू होईना. ते इंजिनाशी पुटपुटत होते, प्रार्थना होती की शिव्या ते ऐकू आलं नाही. ती धडधडली तशी पाण्यातली डोकी लांबच्या कातळाकडे गेली. उताराच्या तोंडावरचे दगड एकेक करून निघायला लागले. गोविंदराव शेजारी उभे राहून हाताने दाखवत होते, हा, मग तो. त्यांनीच ते दगड रचून घेतले होते. एकदा त्यांनी तोंड फिरवलं आणि टोपीने डोळे पुसले. वाट मोकळी झाली तसं मुनीरभाईंनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि सगळ्यांना हाताने मागे सारत निघाले.

आम्ही सगळे आडव्या पडलेल्या झाडांमागे जाऊन जमिनीवर बसलो. सगळं गाव. कुणी खोकलंसुद्धा नाही. मी डोळे मिटून घेतले होते. खालून पाण्याचा आवाज येत होता आणि तो मंदावत होता, हे फार भयंकर होतं.

काकूंनी माझा हात दाबला.

धुकं उचलायला लागलं होतं. उताराच्या तोंडाशी ती म्हातारी मादी उभी होती. ओली, बारीक, अर्धी झालेली. ती आमच्याकडे बघत नव्हती. तिने मान वर केली आणि माळ बघितला. बराच वेळ बघितला, आदल्या संध्याकाळी बघितला होता तसा. मग चालायला लागली. तिच्यामागे एक मादी आली. मग एक पाडस, मग दोन माद्या. काही चढता चढता बसत आणि पुन्हा उठत. गवतात शिरल्यावरही त्यांनी उडी मारली नाही, पळाल्या नाहीत. चालत गेल्या. पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त बाहेर आल्या. बाकीच्या नाही आल्या.

दुपारी वनखात्याची गाडी आली. पंचनामा झाला. डॉक्टर बाईंनी ती ओढून काढलेली मादी तपासली आणि फोनवर जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. आबारावांनी स्वतः पुढे होऊन फटाके मीच वाजवले म्हणून लिहून दिलं. पुढे काय होईल ते त्यांनी विचारलं नाही. अधिकारी भला माणूस होता. तुम्ही पीक राखत होतात, तेही लिहितो, म्हणाला.

संध्याकाळी आखाड्यावर कुणी हुरडा भाजला नाही. गोविंदराव, मुनीरभाई आणि आबाराव ओसरीवर बसले होते. मी आणि काकू दारात.

"कुंपण घालू," गोविंदराव म्हणाले.

"कुंपणावरून उडी मारतात त्या," मुनीरभाई म्हणाले. "आन मारून पडणार कुठं? खालीच. मालक, कडाच ठिवायचा न्हाई. समदा उतार करायचा. कुठूनबी पडलं तरी चालत वर आलं पाह्यजे."

"तीन बाजूंनी?"

"दोन बाजूंचं आपल्या रानात बसतं. तिसरी बाजू..." मुनीरभाई थांबले.

तिसरी बाजू आबारावांच्या बांधाची. उभा कातळ कापून उतार करायचा तर तो मागे सरकत जाणार, आणि मागे हरभरा होता. हे सगळ्यांनाच समजलं.  काकूंनी आतून चहा आणला, तो तसाच राहिला.

"कुठवर येईल?" आबारावांनी विचारलं.

"लिंबापर्यंत तरी येईल."

आबारावांनी मान खाली घातली. हरभऱ्यातला तो कडुलिंब मी पाहिला होता. त्यांच्या शेताची चांगली पट्टी त्याच्या अलीकडे होती. एकच शेत असलेल्या माणसाकडे मागावं असं ते नव्हतं आणि कुणी मागितलंही नाही.

"हरभरा काढू द्या," ते म्हणाले. "काढला की लावा मशीन."

गोविंदराव म्हणाले, "आबा, तेवढं रान मी खालच्या अंगाला देतो तुला. गाळाचं."

"ते बघू नंतर." आबाराव उठले. "मी त्येच्यासाठी म्हणालो न्हाई."

ते गेल्यावर गोविंदराव खूप वेळ तिथंच बसून होते. काकू त्यांना जेवायला बोलवायला गेल्या आणि त्यांच्या शेजारीच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मी एकटी माळावर गेले. कळप होता. लांब, अगदी पश्चिमेच्या टोकाला, खड्ड्यापासून जितकं दूर जाता येईल तितका. मी पुढे गेले नाही. परतताना उपटलेल्या झाडांवरून चालत आले. या वेळी मुळांकडे बघितलं.

परतीच्या गाडीत कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. परभणीला एका कुटुंबाने धपाटे पुढे केले, ते घेतले, आभार मानले आणि खिडकीकडे तोंड केलं. मी आजवर समजत होते की खाणीची जमीन सावरली म्हणजे ती हिरवी झाली. गोविंदरावांनी ती सावरली होती, माझ्यापेक्षा चांगली सावरली होती. तरी त्या जमिनीने एका सकाळीत एवढे जीव घेतले. जनावर परत येतं ते आपल्यावर विश्वास ठेवून येत नाही. गवत दिसतं म्हणून येतं. त्या गवताला लागून आपण काय ठेवलं आहे, हे आपण बघायचं असतं.

वणीला आल्यावर कामावर गेले ती थेट आमच्या जुन्या खड्ड्याकडे. कोळसा संपल्यावर त्यात पाणी भरलं आहे, आणि चारी बाजूंना माझीच झाडं. इतक्या वर्षांत मी त्या झाडांच्या पुढे कधी गेले नव्हते. काठच्या चिखलात रोहीचे खूर उमटले होते. घसरत पाण्याकडे उतरलेले. मी वर येणारे खूर शोधत काठाकाठाने चालत राहिले. कुठंच नव्हते. 

उत्तरेच्या अंगाला ते सापडले. तिथं पावसाने कड ढासळून मातीचा एक ओबडधोबड उतार झाला होता. कुणी केलेला नव्हता. सगळ्या काठाला वर यायची तेवढीच एक वाट होती आणि ती खुरांनी पार मळली होती.

मी ऑफिसात जाऊन आमच्या सुपरवायझरना त्या ढासळलेल्या कडेविषयी विचारलं.

"लक्षात आहे हो मॅडम," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात मशीन येतेय. सगळी सरळ उभी बांधून घेतो, वरून तुमची झाडं लावा."

मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि वालूरच्या खदानीपासून सांगायला सुरुवात केली.